कांचेंतलें तळें

न्हावा-शेवा हें नांव काढलें कीं आजच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रचंड जहाजें, त्यांवर रचलेल्या लोखंडी पेट्यांच्या भिंती आणि रात्रंदिवस चालणारी अवजड वाहनांची रांग उभी राहते. २६ मे १९८९ रोजीं येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून समुद्रावरून थेट येथवर येणारा अटल सेतु खुला झाला. उरण तालुक्याच्या या कोपऱ्यास जगाच्या व्यापारांत मानाचें स्थान मिळालें, यांत शंका नाहीं. परंतु बंदरापूर्वीं येथें काय होतें असें विचारलें, तर खाजणें, मिठागरें, भाताचीं खाचरें, तिवरांच्या राई आणि गांवोगांवचीं तळीं, असें उत्तर येईल. त्या सर्व पाण्यांत कोण राहत होतें, हा पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. माझ्या नातवानें विचारीपर्यंत तो मलाही सुचला नव्हता.

नातू त्या वेळीं आठ वर्षांचा होता. वाढदिवसास त्याला कोणीं कांचेच्या गोल भांड्यांत दोन सोनेरी मासे भेट दिले. दुसऱ्या दिवशीं तो मजजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, हे मासे मूळचे चीनचे, असें पुस्तकांत लिहिलें आहे. मग आपल्या इथले मासे कोणते?"

मीं सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविलें. मत्स्य, मीन, झष, शफरी हे शब्द मला अमरकोशाच्या आधारानें झोपेंतही सांगतां आले असते. पण घरापासून हांकेच्या अंतरावर असलेल्या तळ्यांतील एकाही जिवंत मासोळीचें नांव मला सांगतां येईना. शब्द पुष्कळ आणि वस्तूची ओळख शून्य, अशी माझी स्थिति त्या पोरानें एका वाक्यांत उघडी केली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर होय.

आपल्या वाङ्मयानें लहान माशाकडे अनेक दृष्टींनीं पाहिलें आहे. एका सुभाषितकारानें उथळ पाण्यांत फडफडणाऱ्या शफरीस अल्पज्ञानानें फुगलेल्या मनुष्याची उपमा करून टाकलें. तर कालिदासास मेघदूतांत, गंभीरा नदीच्या पाण्यांत उसळणाऱ्या शफरींमध्यें त्या नदीचे कटाक्ष दिसले. परंतु सर्वांत खोल दृष्टि शतपथ ब्राह्मणांतील आहे. सकाळीं हात धुतांना मनूच्या ओंजळींत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, 'माझें रक्षण कर. आम्ही लहान आहों तोंवर मासाच माशाला गिळतो.' मनूनें त्यास आधीं कुंभांत ठेवलें, तो वाढल्यावर खड्ड्यांत, आणि शेवटीं समुद्रांत सोडलें. प्रलयाच्या वेळीं त्याच माशानें मनूची नौका ओढून नेली. घरांत मासा पाळण्याची याहून जुनी कथा मला ठाऊक नाहीं, आणि पाळणाऱ्याचा धर्म याहून स्पष्ट कोणीं सांगितल्याचेंही ठाऊक नाहीं.

पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. त्यांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांस आवडणारें खाद्य आणि गळ टाकण्याची कला यांचें वर्णन आहे. या प्रकरणावर १९५१ सालीं डॉ. सुंदरलाल होरा यांनीं विद्वत्तापूर्ण लेख लिहिला. होरा हे संस्कृतचे प्राध्यापक नव्हते. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक व आपल्या देशांतील अग्रगण्य मत्स्यशास्त्रज्ञ होते. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसास त्यांच्याकडूनच वस्तूकडे जाण्याची वाट सांपडली. ती अशी.

१९४० सालीं कुलकर्णी या संशोधकानें मुंबई इलाख्यांतील एका चिमुकल्या माशावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. लांबी अवघी पाऊण इंचाच्या आसपास, शरीर इतकें पारदर्शक कीं पाण्यांत प्रथम दोन डोळेच दिसावेत. हा मासा विज्ञानाला अगदीं नवा होता. कुलकर्ण्यांनीं त्यास 'होराइक्थिस सेटनाय' असें नांव दिलें. पहिला शब्द होरा यांच्या सन्मानार्थ व दुसरा मुंबईचे मत्स्याधिकारी डॉ. सेटना यांच्या सन्मानार्थ. याचें वैशिष्ट्य असें कीं नर आपलें बीज मोकळें न सोडतां लहानशा कुपींत भरून मादीच्या देहास चिकटवितो, आणि मादी फलित झालेलीं अंडीं घालते. मादीच्या पोटाखालचा उजवा पर तर निसर्गानें या कामासाठीं जणूं काढूनच टाकला आहे. या एका माशासाठीं त्या काळीं नवें कुल स्थापावें लागलें. २००८ सालीं नव्या अभ्यासानें त्याची गणना 'ओरिझियस' या वंशांत झाली. ओरिझियस म्हणजे भाताशीं संबंध असलेला; कारण या वंशांतील मासे भातखाचरांच्या पाण्यांत सांपडतात. हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांचा रहिवासी. जगांतील मत्स्यपंडितांनीं ज्याच्याविषयीं पानेंच्या पानें लिहिलीं, तो आमच्यासारख्या खाडीकांठच्या लोकांना नांवानेंही ठाऊक नसावा, हें थोडें लाजिरवाणेंच नव्हे काय?

जपानी लोकांनीं ही लाज स्वतःवर येऊं दिली नाहीं. याच वंशांतील त्यांचा 'मेदाका' नांवाचा भातखाचरांतील मासा ते पिढ्यान्‌पिढ्या अंगणांतील कुंडांत पाळीत आले आहेत. लहान मुलांच्या गाण्यांत तो आहे, आणि १९९४ सालीं अमेरिकेच्या 'कोलंबिया' यानांतून तो अंतराळांतही जाऊन आला. तेथें त्यानें अंडीं घातलीं व त्यांतून पिलेंही निघालीं. शेतांतील ओढेनाले बांधून काढल्यामुळें तो कमी होऊं लागला, तेव्हां १९९९ सालीं सरकारनें त्याचें नांव धोक्यांतील जातींच्या यादींत घातलें, आणि ही गोष्ट सर्वसामान्य जपानी माणसाच्या मनास लागली. ज्याला आपण ओळखतों त्याच्याच नाहींसें होण्याचें आपल्याला दुःख होतें.

आतां माझ्या पहिल्या प्रयत्नाची हकीकत सांगतों. ती सांगण्यांत भूषण नाहीं, पण वाचकांस उपयोग आहे. गोल भांडें माशांना अपुरें, एवढें वाचून मीं मोठ्या उत्साहानें दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी कांचेची पेटी आणली. दुपारीं ती धुतली, तळाशीं पांढरी वाळू पसरली, नळाचें पाणी भरलें आणि संध्याकाळीं दोन्ही सोनेरी मासे त्यांत सोडले. पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसत होतें. पहिल्या आठवड्यांतच एक मासा गेला, आणि नवव्या दिवशीं दुसराही पाण्यावर तरंगतांना आढळला. नातू शाळेंत जावयास तयार होईना. "पाणी तर स्वच्छ होतें ना, आजोबा?" हा त्याचा प्रश्न मला माझ्या अपराधाहूनही कठीण गेला.

गांवांतील एक वृद्ध आगरी शेतकरी आमच्याकडे भाजी घेऊन येतात. त्यांनीं पेटीकडे पाहून मान हलविली व म्हणाले, "गुरुजी, मासली पान्याबिगर रहत नाय, पन नुसत्या पान्यान पन रहत नाय." पुढें जें शास्त्र मीं वाचलें, तें या एका वाक्याचेंच भाष्य होय. माशाच्या श्वासांतून, मलांतून व उरलेल्या अन्नांतून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो विषारी आहे. तळ्यांतील चिखलांत, दगडांवर, मुळांवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतु असतात; त्यांतील कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसरे त्या नायट्राइटचें त्यामानानें निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. वनस्पति अमोनिया व नायट्रेट या दोहोंचें खत म्हणून सेवन करतात. नव्या पेटींत हे जंतु नसतात. त्यांची वस्ती बसावयास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे मीं त्या माशांना नवें घर दिलें, पण त्या घरांत सांडपाण्याची वाटच ठेवली नव्हती.

लंडन शहरीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० च्या सुमारास हाच धडा गिरविला. त्यानें एका भांड्यांत सोनेरी मासे व 'व्हॅलिस्नेरिया' ही गवतासारखी पाणवनस्पति ठेविली. कांहीं दिवसांनीं सडलेल्या पानांनीं पाणी गढूळ झालें. त्यानें त्यांत पाण्यांतल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनीं सडका भाग खाऊन टाकला आणि भांडें पुन्हां निर्मळ झालें. मासा, वनस्पति आणि गोगलगाय यांच्या परस्परावलंबनाचा हा प्रयोग आधुनिक मत्स्यपेटीचा पाया मानला जातो.

दुसऱ्या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं त्याचा क्रम येथें देतों.

पेटी वर सांगितलेल्या मापाचीच घ्यावी. तींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. माती व वरची मोकळी जागा वजा जातां पंचेचाळीस लिटर राहतें. भरल्यावर तिचें ओझें एका जाड माणसाइतकें होतें, म्हणून मेज भक्कम हवें. खिडकींतील ऊन पेटीवर थेट पडूं देऊं नये. तसें झाल्यास पंधरा दिवसांत पाणी हिरवें होतें. तळाशीं बागेंतील चाळलेल्या, खत न घातलेल्या मातीचा इंचभर थर द्यावा व त्यावर धुतलेल्या बारीक नदीच्या खडीचा दीड इंचाचा थर. समुद्राची वाळू वापरूं नये. तींतील शिंपल्यांच्या चुऱ्यामुळें पाणी जड होतें. खाडीलगतच्या विहिरींचें पाणी खारट असण्याचा संभव असतो, म्हणून तेंही टाळावें. नळाचें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवून, मधून मधून ढवळून, मग वापरावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन बहुतांशीं उडून जातो. पाणी ओततांना मातीवर एक बशी ठेवून तिच्यावर धार धरावी. नाहीं तर सारी माती वर येते. हें मला माझ्या पत्नीनें शिकविलें, कारण आमटींत पाणी वाढवितांना ती नेमकें असेंच पळीवर ओतते.

मग वनस्पति. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि बाजारांत अंबुलिया नांवानें मिळणारी लिम्नोफिला, या तिन्ही आपल्या देशच्या पाण्यांत आपण होऊन वाढणाऱ्या आहेत. त्या पहिल्याच दिवशीं दाट लावाव्यात. विरळ लावून वाढण्याची वाट पाहिल्यास मधल्या काळांत शेवाळ माजतें. तळ्यांतून आणलेली वनस्पति आधीं दोन आठवडे निराळ्या बादलींत ठेवावी, कारण तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात, आणि त्या लहान पिलांचा फडशा पाडतात. दिवा दिवसांतून सात-आठ तास पुरे. हवेच्या छोट्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी लावल्यास जंतूंना वस्तीस जागा मिळते. आपल्या कोंकणांत पाणी तापविण्याच्या यंत्राची मुळींच आवश्यकता नाहीं. येथील मासे येथील हवेचेच आहेत.

आणि मग थांबावें. सहा आठवडे पेटींत मासा नाहीं, हें पाहुण्यांना चमत्कारिक वाटतें. "यांत काय ठेवलें आहे?" असें विचारणाऱ्यांस नातू गंभीरपणें सांगे, "पाणी तयार होत आहे." त्या सहा आठवड्यांत त्यानें नवें पान फुटतांना पाहिलें, पानांवर प्राणवायूचे मोत्यांसारखे बुडबुडे पाहिले, आणि एका गोगलगाईच्या दहा झाल्या तेंही पाहिलें. माझें मत असें आहे कीं, खरें शिक्षण या रिकाम्या पेटीनेंच दिलें.

मासे कोणते ठेवावेत? आम्हीं निवडला तो शास्त्रीय भाषेंत 'ॲप्लोकायलस लिनिएटस', ज्यास कांहीं ठिकाणीं पिकू म्हणतात. व्हॅलेन्सिएन्स या फ्रेंच पंडितानें १८४६ सालीं त्याची नोंद केली. बोटभर लांबीचा हा मासा पाण्याच्या अगदीं वरच्या थरांत फिरतो. त्याच्या कपाळावर एक चंदेरी ठिपका असतो, त्यामुळें वरून पाहणाऱ्यास पाण्यांत चांदणी चमकल्याचा भास होतो. नराच्या अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या ओळी, मादीच्या अंगावर उभे काळसर पट्टे. डासांच्या अळ्या हें त्याचें आवडतें अन्न. त्या वृद्ध शेतकऱ्यांनींच गांवामागच्या तळ्यांतून एक नर व तीन माद्या ओंजळीएवढ्या जाळ्यानें काढून दिल्या; त्याहून अधिक मीं घेतल्या नाहींत. पेटीस झांकण मात्र अवश्य हवें, कारण हा मासा उत्तम उडी मारतो. तसेंच त्याच्याबरोबर त्याच्या तोंडांत मावेल असा मासा ठेवूं नये. शतपथांतील माशानें मनूला सांगितलेला नियम पेटींतही लागू आहे.

ज्यांना तळ्यांतून मासे आणणें शक्य नाहीं, त्यांनीं दुकानांतून झेब्रा मासा आठ-दहाच्या संख्येनें आणावा. १८२२ सालीं हॅमिल्टननें गंगेच्या माशांवरील ग्रंथांत वर्णिलेला हा आपल्याच देशचा मासा असून, आज जगांतील प्रयोगशाळांत मानवी रोगांच्या अभ्यासासाठीं तो वापरला जातो. दुकानांत येतो तो पाळीव पैदाशीचा असतो, म्हणून नदीला त्याची तोशीस पडत नाहीं. उलट केरळांतील लाल पट्ट्याच्या सुंदर डेनिसन माशाची गोष्ट पहा. २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्या वंशास 'सह्याद्रिया' असें आपल्या पर्वताचें नांव दिलें. परंतु परदेशी शौकिनांसाठीं ओढ्यांतून त्याची बेसुमार धरपकड झाली, आणि आज तो धोक्यांतील जातींत मोडतो. कुलकर्ण्यांचा तो पारदर्शक मासाही मीं पेटींत आणला नाहीं. तो नाजूक आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला सरावलेला. त्याचें दर्शन खाडीच्या कांठीं बसूनच घ्यावें.

आणखी एक सूचना कळकळीची आहे. पेटींतला परदेशी मासा नकोसा झाला म्हणून तळ्यांत सोडणें हें पुण्य नव्हे. १९२८ सालीं डासांच्या नाशासाठीं इटलीहून आपल्या देशांत गॅम्बुसिया मासा आणला गेला. तो डासांच्या अळ्या खातो खरा, पण इतर माशांचीं अंडीं-पिलेंही खातो. पिकूसारखे घरचे सेवक असतांना बाहेरून आणलेल्या नोकरानें घरच्यांनाच हुसकावून लावावें, असा तो प्रकार झाला.

आमच्यासारख्या शाकाहारी घरांत मासे आणण्याची कल्पना प्रथम पत्नीस रुचली नव्हती. "अहो, आपल्या घरांत मासे आले हें मी शेजारीं सांगूं तरी कसें?" असें तिनें विचारलें होतें. आज पहांटे दिवा लावल्यावर पहिली फेरी तिचीच पेटीकडे असते, आणि चिमूटभराहून अधिक खाद्य कोणी घातल्यास तीच रागावते. तिचा हा राग शास्त्रास धरून आहे. कारण पेटींतील मासे उपासानें क्वचित् मरतात, अतिभोजनानें पुष्कळ मरतात. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. पेटी जुनी झाली कीं पंधरवड्यानें बदललें तरी चालतें.

जिवंत प्राण्यास कांचेंत कोंडणें योग्य काय, असा प्रश्न कोणी सात्त्विक वाचक विचारील, आणि तो विचारावाच. चार महिन्यांनीं एका सकाळीं नातू ओरडत आला. मुळांना चिकटलेलीं बारीक अंडीं त्यानें दोन आठवड्यांपूर्वीं वेगळ्या भांड्यांत काढून ठेवलीं होतीं. त्यांतून पापणीच्या केसाएवढीं सहा पिलें निघालीं होतीं. जेथें जीव वाढतो तेथें तो अगदींच दुःखी नसावा, एवढें समाधान मीं मानलें. परंतु खरें उत्तर त्याच्या पुढच्या वर्षीं मिळालें.

त्या वर्षीं पावसाळ्यापूर्वीं गांवामागच्या तळ्यांत मुरुमाचा भराव पडूं लागला. अशीं तळीं पूर्वींही बुजलीं, आणि खरें सांगावयाचें तर मीं त्यांकडे कधीं मान वळवून पाहिलें नव्हतें. या वेळीं मात्र नातू रडत घरीं आला आणि म्हणाला, "आजोबा, तिथें आपल्या माशांचीं आईबापें आहेत." आम्हीं दोघांनीं मिळून अर्ज लिहिला. तो वृद्ध शेतकऱ्यांनीं व आणखी कांहीं घरांनीं सही करून दिला. अर्धें तळें तोंवर गेलें होतें. उरलेलें अर्धें आज तरी आहे. उद्यांचें मला ठाऊक नाहीं.

कित्येकांना वाटतें कीं आपल्या पेटींत मासा सुरक्षित आहे, म्हणजे तळें गेलें तरी चालेल. हा भ्रम आहे. चार माशांच्या संततीनें जात टिकत नाहीं. तिला ऊन, पाऊस, चिखल, भरती आणि असंख्य सोबती लागतात. कांचेची पेटी तळ्याची जागा घेऊं शकत नाहीं. ती फार तर तळ्याच्या बाजूनें बोलणारें एक घर निर्माण करते. मनूचा कुंभही माशाचें घर नव्हता. समुद्रापर्यंत जाण्याच्या वाटेवरचा तो पहिला मुक्काम होता, आणि समुद्र जाग्यावर होता म्हणूनच त्या मुक्कामास अर्थ होता.

असो. दोन फुटांची पेटी, मूठभर माती, चार वनस्पति आणि सहा आठवड्यांचा धीर, एवढेंच भांडवल या उद्योगास लागतें. ज्या घरांत मुलें आहेत त्या घरीं तो अवश्य करून पहावा. मात्र पेटी विकत घेण्यापूर्वीं मुलाचा हात धरून गांवचें तळें एकदां दाखवून आणावें. आमच्या पिकूंची तिसरी पिढी आतां पेटींत आहे, आणि संध्याकाळीं दिवा लागला कीं त्यांच्या कपाळावरच्या चांदण्या एकामागून एक चमकूं लागतात. आपल्या इथले मासे कोणते, हा प्रश्न नातू मला आतां विचारीत नाहीं. आतां मीच त्याला विचारतों, आणि तो सांगतो.